काय टाळावं

३ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील, अशी भीती आहे. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात तुझं एकच पत्र आलं, तेही घराच्या किल्ल्यांबद्दल. तुझे बाबा गेले म्हणून आत्याही गेली असं होत नाही गं. असो. रुसायला लिहीत नाहीये, कामाचं लिहितेय.

शिक्षण कार्यालयातून मला बोलावणं आलं. बहात्तराव्या वर्षी! मला वाटलं, बाई जिवंत आहेत की नाही याचा दाखला मागतायत. गेले, तर तिथल्या नव्या साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. वयाने ते तुझ्यापेक्षाही लहान असतील. म्हणाले, "बाई, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" त्यांना पालकांसाठी आणि साध्या शाळांतल्या शिक्षकांसाठी पाच माहितीपत्रकं हवी आहेत. कमी दिसणारी मुलं, ऐकू न येणारी, वाचताना अक्षरांत अडकणारी, चालता न येणारी आणि सावकाश शिकणारी. एकेक कागद, दोन घड्या, सहा रकाने. "दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वाचून झालं पाहिजे, बाई." मी चाळीस वर्षं मुक्या मुलांना बोलतं करत आले, आणि ते सगळं आता बाकावर बसून दहा मिनिटांत!

दुसरं पत्रक, ऐकू न येणाऱ्या मुलांचं, मी आधीच लिहून टाकलं. मजकूर सोबत आहे, बाकी चारांचे कच्चे खर्डेही. कसं ओळखावं, कुठे जावं, घरी काय करावं, वर्गात काय करावं, काय टाळावं. शेवटच्या रकान्यात साहेबांना एक खरी गोष्ट हवी होती. ती मी तुझी लिहिली, नाव न घालता. "जन्मापासून ऐकू न येणारी एक मुलगी. दोन वर्षांची असताना आई गेली. पण वेळेवर योग्य शिक्षण मिळालं आणि आज ती स्पष्ट बोलते, छापखान्यात चित्रं आणि मांडणी करते." तुझी हरकत नसणार, हे मी गृहीत धरलंय.

चित्रंही तूच काढ. साहेबांना तसं सांगून ठेवलंय. मुलं हसरी हवीत, एवढंच त्यांचं म्हणणं.

नुसती चित्रं पाठवलीस तरी काम होईल. दोन ओळी लिहिल्यास तर मला बरं वाटेल.

तुझी आत्या

१९ फेब्रुवारी

आत्या,

पत्र उघडलं आणि उत्तरही देतेय.

चार पत्रकांची चित्रं काढते. कमी दिसणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा असं लिहिलंयस, पण फळ्यावर खिडकीचा उजेड पडत असेल तर पहिला बाक काय कामाचा? मी तसंच चित्र काढलंय: फळा चमकतोय आणि पोरगा मान वाकडी करून बघतोय. हसरी मुलं मात्र नाही काढणार. अक्षरांत अडकलेलं पोर पुस्तकासमोर बसून हसत नसतं. साहेबांना म्हणावं, तुम्ही एकदा बसून बघा.

आता दुसरं पत्रक. ती मुलगी स्पष्ट बोलत नाही, आत्या. ती बोलतच नाही. बाबा गेल्यापासून मी आवाज काढणं बंद केलंय. दुकानात साबण मागितला की दुकानदार कपाळाला आठ्या घालतो आणि मागे उभी असलेली बाई आपल्या लेकराला जवळ ओढते. माझा आवाज कसा आहे हे मला कधी ऐकू आलं नाही, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर तो मला रोज दिसायचा. आता चिठ्ठी लिहून देते. लोक चिठ्ठी नीट वाचतात.

छापखान्यात मशीनवरचा एक माणूस माझ्यासारखाच आहे. त्याने मला तिसाव्या वर्षी खुणांची भाषा शिकवली. मशीन सुरू झालं की ऐकणारे सगळे बहिरे होतात आणि आम्ही दोघंच निवांत गप्पा मारतो.

तुला कधी सांगितलं नाही, शाळेत तुझ्यासाठीही एक खूण होती. दोन बोटांनी हनुवटी खाली ओढायची. "तोंड उघड" बाई. तुझी पाठ वळली की अख्खा वर्ग तुझ्याबद्दल बोलायचा.

"काय टाळावं" मधली पहिलीच ओळ: "मुलाशी हातांच्या खुणांनी बोलू नये, हातांना सवय लागली की जीभ आळशी होते." ती काढून टाक. माझी गोष्टही काढ. मग मी चित्र काढते.

ठकी

२७ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

हनुवटीची खूण वाचून आधी हसले. मग आरशासमोर ती करून बघितली आणि हसू गेलं.

तू बोलणं सोडलंस हे मला कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार म्हणा. तुझ्या एकेका अक्षरासाठी मी काय केलंय ते तुला आठवतं का? "फ" म्हणताना तळहातावरचं पीस उडायला हवं होतं, दोन महिने उडालं नाही. "ग" साठी तुझा हात माझ्या गळ्यावर आणि माझा तुझ्या. साडेसहा वर्षांची असताना तू "बाबा" म्हणालीस तेव्हा दादा हातातलं काम टाकून आत गेला होता. घड्याळजी माणूस, उघडं घड्याळ कधी टाकून उठायचा नाही. त्या दिवशी उठला.

आणि ती ओळ माझ्या मनाची नाही. आम्हाला शिकवलंच तसं होतं. आमच्या प्रशिक्षणात मोठमोठी माणसं सांगायची: खुणा म्हणजे कुबड्या, एकदा दिल्यात की पोर चालणार नाही. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. आता जग बदललं असेल. पण ज्या मुलांना मी बोलतं केलं त्यांच्या आयांनी माझे हात हातात घेतलेत, ते खोटं होतं का?

मी ओळ मऊ केली आहे. "हातांच्या खुणा शक्यतो टाळाव्यात." एवढं तरी राहू दे. दादालाही ते पटलं होतं, हे विसरू नकोस.

तुझी आत्या

११ मार्च

आत्या,

बाबांना पटलं होतं असं लिहिलंस म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिणार नव्हते.

तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याआधी घरात आम्ही दोघंच. बाबा आधीच कमी बोलणारे, आणि दुरुस्तीच्या टेबलाशी मी त्यांच्या समोर बसायची. आमच्या खुणा कोणी शिकवलेल्या नव्हत्या. एक त्यांनी काढली, एक मी. माझा दात दुखतोय, शेजारीण आली, हे घड्याळ खोटं बोलतं, आज कंटाळा आलाय. तीसचाळीस तरी असतील. पावसाच्या दोन होत्या, एक बारीक आणि एक मोठ्या पावसाची. आम्ही दिवसभर बोलत असायचो. मी मुकी आहे हे मला तू आल्यावर कळलं.

पहिल्या सकाळी तू मला खुर्चीवर बसवलंस आणि माझे दोन्ही हात माझ्या मांड्यांखाली ठेवलेस. हातांवर बसायचं. तोंडाने मागितलं तरच दूध. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हात उचलला होता. तू त्यांच्याकडे बघून मान हलवलीस आणि त्यांनी तो हात खिशात घातला.

यालाच तू पटणं म्हणतेस. ते तुला घाबरले होते. तू शिकलेली, शाळेच्या बोर्डावर नाव असलेली, आणि ते एक घड्याळजी. आपल्या हातांनी पोरीचं नुकसान होईल अशी धास्ती तू त्यांच्या मनात घातलीस.

तुझे ओठ मला वाचता यायचे, कारण तू ते माझ्यासाठी हलवायचीस. बाबांचे यायचे नाहीत. त्यांनी मिशी काढून टाकली, आठवतं? सगळे हसले. ती त्यांनी माझ्यासाठी काढली होती. तरी ते पुटपुटायचेच, आणि मी "काय?" म्हटलं की ओशाळायचे. मग त्यांनी विचारणंच कमी केलं. पुढची तीस वर्षं आम्ही एकमेकांशी जेवण झालं का आणि गाडी किती वाजता एवढंच बोललो. तू मला आवाज दिलास, मान्य. पण तो ज्याच्यासाठी हवा होता त्याच्याशी माझं बोलणं बंद झालं.

त्यांना झटका आला तेव्हा मला पोचायला दोन दिवस लागले. पोचले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, ते उघडलेच नाहीत. मी तुला विचारलं, काही म्हणाले का? तू म्हणालीस, "नाही गं. वाचा गेली होती. शांत गेला."

दुसऱ्या पत्रकाचं चित्र मी काढणार नाही. दुसरं कोणीतरी बघ.

ठकी

३० एप्रिल

ठकी,

सात आठवडे झाले. रोज लिहायला बसले आणि रोज फाडलं. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

दादा शांत गेला नाही.

त्याची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डावा हात चालत होता. पहिल्या दिवशी सकाळी शुद्ध आली तशी तो हात हलवायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "बाई, हात धरा त्यांचा, सुई निघेल." मी धरला. तो सोडवून घ्यायचा आणि पुन्हा हलवायचा. दुपारी सिस्टरनी मनगट पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधायचं ठरवलं. पट्टीचं एक टोक मी धरलं, ठकी. गाठ त्यांनी मारली, पण टोक मी धरलं होतं. मी त्याला म्हणत होते, "दादा, उगी, शांत हो." तो माझ्याकडे बघत होता. ती नजर कशी होती ते मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अंग पुसायला पट्टी सोडली. त्याने पुन्हा तेच केलं. तीनदा, अगदी सारखं, आणि प्रत्येक वेळी संपलं की दाराकडे बघायचा. तेव्हा मला कळलं की हा भ्रम नाही. हा बोलतोय, आणि तुझ्याशी बोलतोय. चाळीस वर्षं मी मुलांच्या तोंडातून शब्द काढले, आणि सख्ख्या भावाचा एक शब्द मला कळला नाही. मी त्याला मान हलवून "हो, हो" म्हटलं. कळल्यासारखं केलं. त्याला ते समजलं असणार. त्याने हात खाली ठेवला. तासाभराने शुद्ध गेली, आणि संध्याकाळी तू आलीस.

तुला काय सांगणार होते? तुझा बाप काहीतरी सांगत होता आणि मी त्याचा हात बांधू दिला? "शांत गेला" तोंडात तयार होतं, ते बोलून टाकलं. त्यानंतर तू पत्रं टाकली नाहीस तेव्हा, खरं सांगते, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मी हे नीट लिहिता यावं म्हणून किती दिवस आरशासमोर करून बघतेय. आधी तळवा छातीवर, सपाट. मग मूठ, अंगठा बाहेर, आणि तो अंगठा हनुवटीखाली दोनदा. मग मूठ उघडायची आणि बोटं हलवत हात हळूहळू खाली आणायचा, काहीतरी सांडल्यासारखा. शेवटी हात क्षणभर तसाच थांबायचा.

तो काय म्हणत होता? माझ्याबद्दल वाईट असेल तरी सांग.

ती ओळ मी खोडली आहे. सगळीच.

आत्या

९ मे

आत्या,

पत्र मिळाल्यावर मी कामावर गेले नाही. बाबांच्या टेबलाशी बसले. ते टेबल मी इकडे आणलंय, तुला माहीत नसेल. तू लिहिलंस तसं केलं. छाती, हनुवटी, खाली. शंभरदा तरी केलं असेल.

मला आठवत नाही.

मशीनवरच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, आपल्या भाषेत याला अर्थ नाही. नसणारच. ही भाषा जगात दोघांनाच येत होती. छातीवरचा तळवा म्हणजे "घर" असावं, किंवा "माझं". हनुवटीचं काहीच लागत नाही. आणि आमच्या बऱ्याचशा खुणा दोन हातांच्या होत्या. त्यांचा उजवा हात गेला होता, म्हणजे तू पाहिलीस ती कदाचित अर्धीच खूण असेल. तीसचाळीस होत्या असं मी लिहिलं खरं, पण कागदावर मांडायला गेले तर आठ आठवल्या. नववीपाशी अडले.

सहा वर्षांच्या मुलीला तू विसरायला शिकवलंस, आणि मी हुशार विद्यार्थिनी होते. बाबा मात्र शिकले नाहीत. खिशात हात घालून तीस वर्षं त्यांनी ती खूण जपून ठेवली, आणि सांगायची वेळ आली तेव्हा ती ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

तू तेव्हाच खरं सांगितलं असतंस तर, असं मनात येतं आणि मग लक्षात येतं की तेव्हाही मला कळलं नसतंच. मी वेळेत पोचले असते, त्यांच्या उशाशी उभी असते, तरी तुझ्यासारखीच "हो, हो" म्हणत मान हलवली असती. तुझ्यावर रागवायला बसले की हे मध्ये येतं आणि मला धड रागावताही येत नाही.

आता काही दिवस लिहू नकोस.

ठकी

१४ जून

ठकी,

तू नको म्हणालीस म्हणून महिनाभर थांबले. आता पत्रक छापायला जायचंय, म्हणून लिहिते. स्वतःची बाजू मांडणार नाही.

साहेबांकडे तीनदा गेले. तुझी गोष्ट काढली याचं त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "बाई, पालकांना आशा हवी असते." मी म्हटलं, आशा द्या, पण ती माझी भाची आहे आणि ते खोटं आहे. त्या रिकाम्या रकान्यात मी असं लिहून नेलं: "हे पत्रक लिहिणाऱ्या शिक्षिकेने चाळीस वर्षं मुलांना हातांवर बसवलं. तिचं चुकलं." साहेबांनी दोनदा वाचलं. वाईट माणूस नाही तो. कागद परत माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बाई, माहितीपत्रकात माफी बसत नाही."

खरंच बसत नाही. तो कागद तुझ्याकडे पाठवतेय. दवाखान्यात कडेवर पोर घेऊन बसलेल्या बाईला माझ्या माफीचं काय करायचंय? ज्यांची मागायला हवी ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत. शाळेच्या जुन्या हजेरीपटांतून नावं उतरवून काढतेय. दोनशे अकरा झाली. पत्ते सतरांचे सापडलेत. पत्रं टाकली आहेत. एकीचं उत्तर आलं, तिने फक्त लिहिलंय, "बाई, मला तुमची आठवण नको आहे."

माफीऐवजी त्या रकान्यात जे लिहिलं ते साहेबांनी ठेवलं. तू बघ आणि चुकलं असेल तर दुरुस्त कर:

"तुमचं मूल आणि तुम्ही मिळून घरात काही खुणा केल्या असतील. त्या मोडू नका. ती तुमची भाषा आहे. मोठी खुणांची भाषा मुलाला जरूर शिकवा, स्वतःही शिका. पण घरच्या खुणाही एका वहीत चित्र काढून, अर्थ लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यांना त्या येऊ द्या. एकट्याला येणारी खूण हरवते."

"काय टाळावं" मध्ये आता पहिली ओळ अशी आहे: "मुलाचे हात धरून ठेवू नका."

या पत्रकाला चित्र नाही. साहेब दुसऱ्या चित्रकाराचं नाव सुचवत होते. मी म्हटलं, चित्राची जागा रिकामी सोडा.

आत्या

६ जुलै

आत्या,

रिकामी जागा सोडली की लोकांना वाटतं शाई संपली. चित्र सोबत पाठवतेय.

टेबलाशी बसलेला एक माणूस आणि समोर एक मुलगी. दोघंही पाठमोरी आणि थोडी बाजूने, चेहरे दिसत नाहीत. साहेब हसरं मूल मागतील, त्यांना सांग की ती हसतेय, फक्त तोंड पलीकडे आहे. हात मात्र चारही दिसतात. मी एक खूण काढली आहे जी मला नक्की आठवते: "आणखी". मुठीवर मूठ, दोनदा. बाबांची ती शेवटची खूण मी काढली नाही. तिचा अर्थ ठाऊक नसताना ती चार हजार कागदांवर छापायची, हे मला जमलं नाही.

मजकुरात एकच बदल केलाय. "एकट्याला येणारी खूण हरवते" इथे तू पूर्णविराम दिला होतास. पुढे मी जोडलं: "म्हणून आजच लिहा." दवाखान्यात वाचणाऱ्याला नुसतं दुःख देऊन सोडू नये, काहीतरी काम द्यावं. तूच वर्गात तसं करायचीस.

तू पाठवलेला माफीचा कागद मी ठेवून घेतला आहे. छापण्यासाठी नाही.

मशीनवरचा माणूस म्हणतो, आत्याला बोलावून घे. मी म्हटलं, बोलणार कसं? तिला खुणा येत नाहीत आणि मी आवाज काढणार नाही. त्याने खांदे उडवले आणि कापून उरलेल्या कागदांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

तर ये. रविवारी मला सुट्टी असते. समोरासमोर बसून लिहू. माफ केलंय असं समजून येऊ नकोस. ते मी केलेलं नाही, आणि पुढे करेन की नाही तेही सांगता येत नाही. पण बाबा लहानपणी कसे होते, माझी आई असताना ते बोलायचे का, हसायचे कसे, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मी त्यांना कधी विचारू शकले नाही. आणि विचारायला आता तू एकटीच उरली आहेस.

ठकी